आठ तासांचे शुक्रवार

दादा, त्या शुक्रवारच्या बरगड्या चांगल्या झाल्या होत्या. हे आधी सांगून टाकते, कारण बाकी काही विचारायच्या आधी तू तेच विचारलं असतंस. मी स्वतः खाल्ल्या नाहीत. ज्यांनी खाल्ल्या त्यांनी सांगितलं. मटण हाडावरून आपोआप सुटत होतं म्हणे, म्हणजे तुझ्या मते जरा जास्तच शिजलं. आठ तासांचे दहा तास झाले होते. बंद करायला तू नव्हतास आणि मीही घरी नव्हते.

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. परवाच गावाहून कुवेतला परत आले. आज शुक्रवार. प्रसाद मीराला घेऊन बाहेर गेलाय, घरात मी एकटी आहे. लोक म्हणतात, मनातलं लिहून काढावं. मनात नेमकं काय आहे ते मला कळत नाही, तेव्हा घडलं तसं लिहिते. बँकेत दिवसभर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची माझी नोकरी. त्यामुळे हेही तसंच कोरडं होईल कदाचित. तुला चालेल. तू कुठं मोठा बोलका होतास!

आपण सख्खी भावंडं, आणि अकरा वर्षं एकाच देशात होतो. तू अब्बासियात, एका खोलीत सहा जण. मी अबू हलीफात, समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये. म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केली की दिसणाऱ्या. तू मोठमोठ्या इमारतींत एसीचे डक्ट बसवायचास. वर्षातून तीनदा यायचास. गणपतीला, दिवाळीला, आणि सुट्टीहून परत आलास की वहिनीनं दिलेला मसाला आणि कोकमाची सोलं पोचवायला. चपला दाराबाहेर काढायचास, सोफ्याच्या अगदी कडेला बसायचास, चहा प्यायचास. प्रसाद म्हणायचा, "दादा, जेवूनच जा आता." तू म्हणायचास, "नको प्रसादराव, बस चुकतली." पाऊण तासात संपायचं सगळं. मी कधी फारसा आग्रह केला नाही. तू गेलास की जरा मोकळं वाटायचं, हेही लिहून ठेवते.

मग तो स्लो कुकर आला, मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं. मंगफच्या एका कंपाउंडमध्ये अमेरिकन कुटुंब घर रिकामं करत होतं, तू तिथले एसी उतरवायला गेला होतास. जाताना त्या बाईनं तो तुझ्या हातात दिला, सोबत हातानं लिहिलेलं पाककृतीचं एक कार्ड. तू तो पोत्यात गुंडाळून दोन बस बदलून माझ्याकडे आणलास. मी म्हटलं, "दादा, हा एकशेदहा व्होल्टचा आहे. इथं लावलास तर जळेल." तू हसलास. पिशवीतून एक जडच्या जड ट्रान्सफॉर्मर काढून ओट्यावर ठेवलास. "माका शिकवतंस?" म्हणालास.

कार्डावरचं वळणदार इंग्रजी तुला लागत नव्हतं. ते मीरानं वाचून दाखवलं. मी मराठी करून सांगत होते. पहिली ओळ डुकराच्या बरगड्या, हीच. तू पोट धरून हसलास. "ह्या देशात? हय खय गावतला ता?" मीराला बार्बेक्यू रिब्ज माहीत होत्या. मॉलमधल्या हॉटेलात तिनं खाल्ल्या होत्या, आणि त्या बीफच्या असतात म्हणून मी तिला पुन्हा खाऊ देत नव्हते. ती म्हणाली, "मामा, यू कॅन मेक इट विथ लँब." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "मेंढीच्या कर म्हणतेय."

पहिल्या वेळी तू लिटरभर पाणी घातलंस. तुझ्या हाताला रश्शाची सवय. संध्याकाळी झाकण काढलं तर आत उकडलेलं मटण तरंगत होतं. मीरा वाटीत घेऊन प्यायली आणि म्हणाली, "इट्स सूप, मामा. गुड सूप."  पुढच्या शुक्रवारी पुन्हा आलास. त्याच्या पुढच्याही. दिवाळी नव्हती, गणपती नव्हते, तरी आलास.

दोन-तीन महिन्यांत तुझी पद्धत बसली. ती मी इथं लिहून ठेवते, कारण तू कुठंच लिहिली नाहीस. गुरुवारी कामावरून परतताना कंपनीच्या बसमधून फहाहीलला मध्येच उतरायचं. तिथल्या हैदराबादी मटणवाल्याकडून बरगड्यांची अख्खी फळी घ्यायची, तुकडे करू द्यायचे नाहीत. बरगड्यांच्या आतल्या बाजूला पातळ पांढरा पापुद्रा असतो. त्याच्याखाली चमच्याचा दांडा सरकवायचा, टोक सुटलं की कागदी रुमालानं धरून एका दमात सोलून काढायचा. तो राहिला की मसाला आत जात नाही आणि खाताना रबर चावल्यासारखं होतं. मग मालवणी मसाला, सुंठ, मीठ आणि किसलेला गूळ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. अब्बासियाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये सहा जणांचं सामान, म्हणून डब्यावर एसीची चंदेरी टेप लावून वर "मधू" लिहायचं. शुक्रवारी सकाळी सातला माझ्या घरी. कुकरच्या तळाशी जाड कांद्याच्या चकत्या, त्यावर बरगड्या उभ्या, कडेनं गोल. पाणी थेंबभर नाही. बटण लो वर. आठ तास.

शेवटी वर लावायची चटणी वेगळी. टोमॅटो सॉस, खजुराचा काळा पाक, आणि व्हिनेगरऐवजी आमसुलाचं आगळ. ते लावून ओव्हनच्या वरच्या जाळीवर दहा मिनिटं. धूर हवा म्हणून हुक्क्याचा कोळसा पेटवून वाटीत ठेवायचास, त्यावर तुपाचा थेंब, आणि झाकण. "आता अमेरिकेक वास जातलो," म्हणायचास.

आपली भांडणंही यावरूनच. मी म्हणायचे, साध्या कुकरला सहा शिट्ट्या दिल्या की अर्ध्या तासात काम होतं, आठ तास कसले? तू म्हणायचास, "शिट्ट्यांका मटण भियाता. भियाललो माणूस कसो आंग आखडून घेता, तसा." प्रसादचं म्हणणं, रिब्ज हाडावरून गळून पडल्या पाहिजेत. तुला ते पटत नसे. हाडाला धरून राहिलं पाहिजे आणि ओढलं की आलं पाहिजे, त्याच्या पुढं गेलं तर ते लापशी. हा वाद तुम्हा दोघांत शेवटपर्यंत मिटला नाही. प्रसादराव म्हणणारा तू त्याच्याशी बरगड्यांवरून आवाज चढवून बोलायचास, आणि त्यालाही ते आवडायचं.

झाकण उघडायला सक्त मनाई होती. "येक डाव झाकान काढला की अर्धो तास गेलो," हे मीराला पाठ झालं होतं. तू स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून कुकरशेजारी राखणीला बसायचास. मी तिथंच काहीतरी निवडत, चिरत असायचे. मटणाला आठ तास लागायचे म्हणून तुला आठ तास बसावं लागायचं. बस चुकायची भानगड नव्हती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तू काय ठरवून केलंस आणि काय आपोआप झालं, ते मी कधी विचारलं नाही.

त्या आठ तासांत आपण काय बोललो? फार मोठं काही नाही. शाळेतून येताना व्हाळातून जाताना माझी चप्पल वाहून गेली होती आणि तू तुझी मला देऊन अनवाणी चालला होतास, ही गोष्ट तू सांगितलीस तेव्हा मला ती आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही. आबांनी तुला दहावीनंतर शाळेतून काढलं तेव्हा तू आठ दिवस कुणाशी बोलला नव्हतास, ते मला आठवत होतं. तुला नव्हतं, किंवा तू तसं म्हणालास. तू मालवणीत बोलायचास, मी पुण्याच्या मराठीत उत्तर द्यायचे. एकदा म्हणालास, "सुलू, तू आता बुकातला बोलतंस." मी म्हटलं, "सवय झाली रे." तू मान हलवलीस. नंतर पुष्कळदा मी ठरवायचे, आज दादाशी आपल्या बोलीत बोलायचं. तोंडातून येत नसे.

आता पाण्याची गोष्ट. ती आपण दोघांनीही कधी काढली नाही.

प्रसादच्या ऑफिसातले एक गृहस्थ बायकोला घेऊन न कळवता आले होते. तू कुकरशेजारी बसला होतास, अंगात ती कंपनीची निळी पँट आणि बनियन. बाई बोलत बोलत स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तुला बघितलं आणि हिंदीत म्हणाल्या, "भैया, ज़रा ठंडा पानी देना." मग माझ्याकडे वळून, "अरे वा, तुम्ही कुक ठेवलाय?" मी हसले. नुसती हसले, दादा. हा माझा भाऊ आहे, एवढं एक वाक्य होतं. तू उठलास, फ्रीज उघडलास, ग्लास पुसून पाणी भरलंस आणि त्यांच्या हातात दिलंस. त्या थँक्यू म्हणाल्या. मग मीरा आतून ओरडत आली, "मामा, हाउ मच टाइम लेफ्ट?" तेव्हा त्या बाईंचा चेहरा पडला आणि माझाही. तू म्हणालास, "दोन तास, बाय."

पुढच्या शुक्रवारी तू इस्त्रीचा नवा शर्ट घालून आलास. चौकड्यांचा, घड्या तशाच. मी म्हटलं, "छान आहे." तू म्हणालास, "फहाहीलाक घेतलो." त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी शर्ट. मटण करतानाही काढायचा नाहीस, मसाल्याचे डाग पडायचे. माफ कर म्हणायला मला किमान चाळीस शुक्रवार मिळाले होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता काढलं तर त्याला उगीच आठवेल.

दुसरी गोष्ट पत्राची. या वर्षी थंडी सरताना एकदा तू बरगड्या रचून झाल्यावर हात धुतलेस आणि म्हणालास, "सुलू, माका येक पत्र लिवन दी."

"कसलं?"

"राजीनाम्याचा. इंग्लिशीत. कंपनीक देवचा असा."

मी सुरी खाली ठेवली. "का? काय झालं? कुणी काही बोललं का?"

"कोण बोलतलो? घराक जातंय. पुरे झाला आता."

"अरे, तुझ्या लेकीचं, श्रुतीचं नर्सिंग अजून दोन वर्षं आहे. आणि तिकडं जाऊन तू करणार काय?"

"बसतलंय."

"बसून काय?"

"बसतलंय म्हणजे बसतलंय. पडवेर. तुझी वयनी चाय करतली, मी पितलंय."

मी तुला समजावलं. मला समजावता चांगलं येतं, नोकरीच ती. वीस-बावीस वर्षं बाहेर काढलेला माणूस गावात रमत नाही, चार महिन्यांत कंटाळशील, पुन्हा व्हिसा मिळणार नाही, दोन वर्षं काढ, मग सन्मानानं जा. तू ऐकून घेतलंस. म्हणालास, "बरा. पण पत्र लिवन ठेव." मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी लिहू."

पुढच्या शुक्रवारी तू विचारलंस. लॅपटॉप समोर टेबलावर उघडा होता. मी म्हटलं, आज डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मीराची परीक्षा होती. पाच ओळींचं पत्र. तसली पत्रं मी डोळे मिटून लिहिते. सहा किंवा सात वेळा तू विचारलंस, आणि मग विचारणं सोडलंस. मला वाटलं, माझं म्हणणं तुला पटलं. मी त्यावर खूशही होते. तू गेलास तर शुक्रवारचं काय करायचं, हा विचार माझ्या समजावण्यात किती होता, ते आता मोजता येत नाही.

आणि तो शुक्रवार. नेहमीसारखा सातला आलास. चहा घेतलास, दोन टोस्ट बुडवून खाल्लेस. मी म्हटलं, घामानं डबडबलायस. तू म्हणालास, बसचा एसी बंद होता. साडेसातला कुकर लावलास. चटणी आधीच करून ठेवलीस, बोटानं चाटून बघितलीस, आणखी जरा आगळ घातलंस. अकराच्या सुमाराला म्हणालास की कोळसा संपलाय, खालच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, घेऊन येतो. मी म्हटलं, "प्रसाद आणेल, उन्हात कुठं जातोस?" तू म्हणालास, "हयच तर असा." दाराशी मीराला सांगितलंस, "झाकान बघ हां."

अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या फोनवरून फोन आला. मी म्हटलं, "काय रे, मिळाला नाही का?" पलीकडून बकाल्याचा मल्याळी दुकानदार हिंदीत बोलत होता. खाली धावले तेव्हा त्यानं तुला सावलीत ओढून घेतलं होतं, डोक्याखाली तांदळाचं रिकामं पोतं घडी करून ठेवलं होतं. तुझा शर्ट वर सरकला होता, तो मी नीट केला. अँब्युलन्स लवकर आली. आत बसल्यावर तू एकदा डोळे उघडलेस असं मला वाटलं, पण खात्री नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मी इंग्रजीत त्यांचे आभार मानले. मग फॉर्म आले. ते मी स्वच्छ अक्षरात भरले, कुठंही खाडाखोड झाली नाही. नात्याच्या रकान्यात बहीण लिहिलं. पाण्याच्या ग्लासच्या वेळी जे तोंडातून निघालं नाही, ते तिथं लिहावंच लागलं.

तुझ्या कंपनीचा मंदूब आला, कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस. इजिप्तचा. त्यानं तुझा बताका मागितला. मी तुझ्या पाकिटातून ते ओळखपत्र काढून दिलं. त्यावरचा तुझा फोटो मी पहिल्यांदाच नीट पाहिला. त्यात तू मिशी काढली होतीस. कधी काढलीस, का काढलीस, मला माहीत नाही.

घरी पोचायला साडेपाच झाले. लिफ्टचं दार उघडलं तोच वास आला. मीरा तुझ्या खुर्चीवर, कुकरसमोर बसली होती. प्रसादनं तिला हॉस्पिटलमधून फोनवर सांगितलेलं होतं. तिचे डोळे सुजले होते. मला बघून ती आधी म्हणाली, "आई, मी ओपन नाही केलं." मग म्हणाली, "एट अवर्स कधीच झाले. पण ऑफ कसं करायचं, मामानं सांगितलं नव्हतं." बटण फिरवून मी कुकर बंद केला. ट्रान्सफॉर्मरची घरघर थांबली तेव्हा कळलं, ती दिवसभर चालू होती.

सातच्या सुमाराला तुझ्या खोलीतले चौघं टॅक्सी करून आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. वेंकटेश त्यांच्यातला वयानं मोठा, आंध्रचा. तो म्हणाला, "दीदी, मधू भाई हर जुम्मे को हमारे लिए डब्बा लाता था." मला माहीत नव्हतं. तू उरलेलं डब्यात भरून न्यायचास, ते मला वाटायचं तू दुसऱ्या दिवशी खातोस. मग तो म्हणाला, "ख़ुद के लिए भी नरम माँगता था. मेस का मटन उससे चबता नहीं था ना. पीछे के दाँत सब निकल गए थे." हेही मला माहीत नव्हतं. तू एका बाजूनं चावायचास ते दिसायचं, पण मी त्यावर कधी विचार केला नव्हता.

प्रसादच्या आईनं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं की सुतक आहे, घरातलं मटण टाकून द्या. मी त्या चौघांना विचारलं, "कुछ खाया है?" कुणीच खाल्लं नव्हतं. ते थेट हॉस्पिटलमधूनच आले होते. मी झाकण काढलं. कोळसा तुझ्यासोबत खालीच राहिला होता, त्यामुळे धूर नव्हता. जाळीवर भाजायचंही मला सुचलं नाही. तुझी चटणी वरून घातली आणि खुबूसच्या रोट्या गरम करून दिल्या. ते स्वयंपाकघरातच उभे राहून जेवले. हाडं बशीत ठेवल्याचा तेवढा आवाज. वेंकटेश म्हणाला, "दीदी, आज बहुत सही बना है." मग त्याला रडू आलं. हात चटणीनं भरलेले, डोळे पुसता येईनात, म्हणून मीरानं त्याला कागदी रुमाल दिला. सासूबाईंना मी टाकलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर वहिनीचा फोन आला. तिला तिच्या भावानं सांगितलं होतं.  तिनं एवढंच विचारलं, "जेवले हुते काय?"

मी म्हटलं, "हो. पोटभर जेवला. बरगड्या केल्या होत्या, त्या खाल्ल्या."

"बरा," ती म्हणाली.

हे खोटं मी बोलले, ते तुला माहीत असावं. दोन टोस्ट आणि बोटभर चटणी, असं तिला सांगायला हवं होतं का?

चौथ्या दिवशी तुला घेऊन गोव्याला उतरले. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं, ते तुला सांगायची गरज नाही. माणसं पुष्कळ होती. मला कोणी विचारलं की मी सगळं क्रमवार सांगायचे, तारखा आणि वेळांसकट. एक बाई मागच्या बाजूला म्हणालीही, "हिच्या डोळ्यांत पाणी कसा नाय?" ते मी ऐकलं. खरं होतं.

तेरावं झाल्यावर चौदाव्या दिवशी घरात मटण करतात, सुतक सुटलं म्हणून. आदल्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "मी बरगड्ये करतलंय." काकी म्हणाली, रश्शाचं कर, लोकांना पुरेल, आणि तू चुलीपुढं आजच कशाला, लोक काय म्हणतील? वहिनी म्हणाली, "लोकांका काय म्हणाचा ता म्हणू दे." तिला तुझी सगळी पद्धत पाठ होती. दर शुक्रवारी तू कुकरशेजारून तिला व्हिडिओ कॉल करायचास, ते मी पाहायचे, पण ती तिकडं शिकतेय असं वाटलं नव्हतं. तिनं पापुद्रा सोलला, कांद्याच्या चकत्या मातीच्या मडक्यात घातल्या, बरगड्या कडेनं उभ्या रचल्या. झाकणाची कड कणकेनं बंद केली. मागच्या पडवीतल्या चुलीत नारळाची सोडणं पेटवून त्यांचे निखारे केले आणि मडकं वर ठेवलं. तेव्हा सकाळचे सात वाजले होते. एक सोडण विझत आलं की दुसरं. जाळ कधी होऊ दिला नाही. दिवसभर ती तिथून हलली नाही. मीही शेजारी पाटावर बसले होते. 

दुपार कलल्यावर पुरुषांची पंगत झाली, मग बायकांची. मग मागच्या पडवीत आम्ही दोघीच उरलो. तिनं दोन ताटं घेतली. वाढायला लागली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, तुला एक सांगायचंय. दादानं माझ्याकडे राजीनाम्याचं पत्र मागितलं होतं. मी लिहून दिलं नाही. दिलं असतं तर तो आत्ता इथं असता."

ती वाढत होती ती थांबली.

"माका ठाऊक असा," ती म्हणाली. "दर सुक्रारी सांगीत हुते. सुलू आज नको म्हणाली, फुडल्या सुक्रारी लिवतली."

"तू रागावली नाहीस?"

"तेवा रागावललंय. खूप रागावललंय." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पळी मडक्यात होती, तिथंच तिची नजर होती. "आता रागावान काय करू?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुझा काय दोष, त्याचं नशीब. तसं म्हणाली असती तर मला घरी परत येणं सोपं गेलं असतं. ती तसं म्हणाली नाही. मी पानावर बसून राहिले. मांडीवर पाणी पडलं तेव्हा कळलं की मी रडतेय. तिनं ते थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं पळीनं दोन बरगड्या काढून माझ्या ताटात वाढल्या.

"खा," ती म्हणाली. "निवतला."

मी खाल्लं. तिनं आणखी वाढलं, तेही खाल्लं. मग तीही जेवली. तिचं होईपर्यंत मी बसून राहिले, आणि ऊन होतं तोवर आम्ही दोघींनी मिळून सगळी भांडी घासून घेतली.